विक्कीचं पिकअप आणि आमची डिझेल

परवा सुमाताईची नात आली होती. जेवणं झाली तशी ती मोबाईल घेऊन माझ्या मांडीला चिकटली आणि म्हणाली, आजी, हे बघ. पडद्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. एक लाल, बुटकी, पोट जमिनीला टेकलेली. दुसरी डिझेलवर चालणारी, चार दारांची, मागे लांब डिकी असलेली, साहेब लोक वापरतात तशी. कोणीतरी हात खाली केला आणि लाल गाडी गेलीसुद्धा. डिझेलवाली आपली जागेवरून निघायचा विचार करत होती. खाली सेकंदांचे आकडे पळत होते, कोणती गाडी किती लवकर वेग घेते त्याचे. पोरगी टाळ्या पिटत होती. मी म्हटलं, बाई, हे मला नको दाखवूस, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या मागच्या गाडीच्या स्टिअरिंगच्या चाकावर मीच बसले होते. सुमाताई पलंगावर लवंग चघळत पडली होती. पण तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, तो मी पाहिला, आणि म्हणून हे लिहायला बसले. म्हातारपणी माणसानं क्षमा करावी असं लोक म्हणतात. ज्यांना करायची त्यांनी करावी. मला विक्कीचं नाव ऐकलं की अजून दात आवळले जातात, आणि त्या दुपारची आठवण आली की जेवण गोड लागतं.

आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे. बाबा वनखात्याच्या लाकूड डेपोत होते आणि आमच्या घरात सगळ्या वस्तूंना सागाचा वास यायचा, बाबांच्या सदऱ्यांना, आमच्या वह्यांना, आईच्या तांदळाच्या डब्यालासुद्धा. आम्ही दोघीच बहिणी, सुमाताई मोठी, मी शकू धाकटी. भाऊ नाही म्हणून नातेवाईक हळहळायचे आणि बाबा म्हणायचे, पोरी काय कमी हायेत का जी. खात्यातल्या एका साहेबाची जुनी डिझेल अँबॅसिडर लिलावात निघाली तेव्हा बाबांनी ती घरी आणली. आईनं तिला ओवाळलं आणि मग तीन दिवस बाबांशी बोलली नाही. सकाळी ती गाडी सुरू करणं हा आमच्या घरचा एक विधीच होता. चावी अर्धी फिरवायची, म्हणजे आतला हीटर लागायचा. मग थांबायचं. समोरच्या पट्टीवर एक बारीकशी तार असायची, ती हळूहळू लाल व्हायची. ती नीट लाल झाल्याशिवाय चावी पुढे नेली तर गाडी नुसती खोकायची. तार लाल झाली की बाबा चावी पुढे फिरवत, अख्खं घर थरथरायचं, फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या, आणि शेजारच्या मावशी भिंतीपलीकडून विचारायच्या, निघाले का जी भाऊजी.

बाबांनी आम्हा दोघींनाही गाडी शिकवायचं ठरवलं होतं, कारण त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा येऊ लागला होता. मी लगेच शिकले. मला सगळं लगेच हवं असायचं. सुमाताई नको म्हणाली. ती स्वभावानंच संथ. तिला काही विचारलं की ती आधी प्रश्न पुरता ऐकून घ्यायची, मग हातातलं काम खाली ठेवायची आणि मग बोलायची. तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा. पण लाखोळीची डाळ शिजवावी तर तिनंच. मंद आचेवर ती डाळ तासभर नुसती रटरटत ठेवायची आणि शेवटी लसणाची फोडणी अशी द्यायची की रस्त्यावरचा माणूस मान वळवून बघायचा. सोबत चिन्नोर तांदळाचा भात. आजही त्या भाताचा वास आला की मला त्या स्वयंपाकघरातली तिची पाठ दिसते. ती तेव्हा मास्तरणीचं शिक्षण घेत होती आणि तिला शिकवायला खरंच आवडायचं. गल्लीतली सगळ्यात मठ्ठ पोरं तिच्यापाशी पाढे शिकून गेली, कारण ती कधी घाई करायची नाही.

विक्कीचं स्थळ आलं तेव्हा आई हरखून गेली. खरं नाव विलास, पण त्या नावानं त्याला त्याची आईसुद्धा हाक मारत नसेल. घरचे मराठीच, आपल्यातलेच, लालबर्रा रोडवर भाताची गिरणी, पण पोराच्या तोंडात सगळं हिंदी. त्याच्याकडे ती लाल गाडी होती. तिरोडीच्या खाणीवर पूर्वी कोणी बाहेरदेशी साहेब होता म्हणे, त्यानं आणलेली, दोनच माणसांची, वरून उघडी. साहेब गेला, गाडी फिरत फिरत विक्कीच्या बापाकडे आली. बालाघाटात तशी दुसरी नव्हती. तो ती दिवसभर गावातून फिरवायचा. कुठं जायचं म्हणून नाही, नुसतं पिकअप दाखवायला. चौकात थांबायचा, घूं घूं करून रेस द्यायचा आणि सुटायचा, की भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावायच्या.

साखरपुडा आमच्याच घरी झाला. बाबांनी कुंकू लावलेला नारळ विक्कीच्या हातात दिला. सुमाताईनं वडे तळले होते लाखोळीच्या डाळीचे, ते विक्कीनं पाच-सहा तरी खाल्ले असतील. चार दिवसांनी तो तिला फिरवायला न्यायला आला. आईला ते पसंत नव्हतं, पण वैनगंगेपर्यंत जाऊन यायला तिनं परवानगी दिली. मला बसायला जागाच नव्हती, म्हणून मी फाटकाशी उभी राहून पाहत होते. आमच्या दारापुढच्या नालीवर फरशी टाकलेली होती, तिच्यावरून जाताना त्या गाडीचं पोट खर्रकन घासलं आणि विक्कीनं फरशीला शिवी दिली. ताई परतली ती केस मोकळे झालेली, चेहरा पांढरा. मी विचारलं, काय झालं व. बऱ्याच वेळानं ती म्हणाली की काही नाही, तो एक गोष्ट विचारते, मी सांगायच्या आत दुसरी विचारते.

पुढचं आम्हाला गावाकडून कळलं. छोट्या लाईनीच्या रेल्वे फाटकाशी एक पानठेला होता, तिथं विक्कीची मंडळी जमायची. तिथं त्यानं सांगितलं होतं, "लड़की अच्छी है यार, पर डिझेल है. चाबी घुमाओ, हीटर लगाओ, आधा घंटा बैठे रहो, तब जाके एक बात निकलती है. अपनी गाडी देखी है ना? अपने को ये नहीं जमेगा." आठवड्याभरात गिरणीचा मुनीम आला. त्यानं पिशवीतून आम्ही दिलेले कपडे काढून ओट्यावर ठेवले, त्यावर बाबांनी दिलेला तो नारळ ठेवला आणि पाणीही न पिता गेला. एका शब्दाचं कारण नाही. बाबा कितीतरी वेळ त्या नारळाकडे बघत बसले. आईनं तो उचलून स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवला, मिठाच्या बरणीशेजारी. तो देवापुढं फोडता येईना, खाता येईना, फेकावा तर हात धजेना. तिथंच तो राहिला, कुंकवासकट.

स्थळ मोडलं ते मी सोसलं असतं. पण ते डिझेल नाव गावभर झालं. ताई कॉलेजला निघाली की फाटकाशी कोणीतरी चावी फिरवल्यासारखी बोटं फिरवायचं आणि तोंडानं घर्र घर्र करायचं, बाकीचे म्हणायचे, "तापली का?" बायकासुद्धा हसायच्या. आणखी एक-दोन स्थळं आली ती हेच ऐकून परत गेली. ताईनं आधी रस्ता बदलला, मग वेळ बदलली, मग एक दिवस पुस्तकं कपाटात ठेवली आणि म्हणाली, जात नाही आता. शेवटचं वर्ष होतं तिचं. बाबांनी समजावलं, आई रडली. ती घरातच राहू लागली, डाळ ढवळत, आणि आधीच कमी बोलायची ती आता त्याहूनही कमी. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. विक्कीची गाडी नदीत बुडालेली मी कितीदा तरी मनात पाहिली. अंथरुणात पडल्या पडल्या मी त्याला काय काय बोलत असे, ते इथं लिहिता येणार नाही.

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. एक दिवस मी सरळ पानठेल्यावर गेले. पोरीनं पानठेल्यावर जाणं म्हणजे काय ते आमच्या गावच्यांनाच कळेल. मी विक्कीला म्हटलं की हिंमत असेल तर माझ्या डिझेलसोबत तुझी गाडी लाव, लालबर्रा रोडवर, नाल्याच्या पुलापासून मोहाच्या झाडापर्यंत, आणि हरलास तर माझ्या बहिणीला इथं, सगळ्यांसमोर हात जोड. तो इतका हसला की तोंडातलं पान सांडलं. पण माणसं बघत होती, त्याला नाही म्हणता येईना. माझं डोकं ठिकाणावर होतं असं मी म्हणणार नाही. बाबा नेहमी सांगायचे, "पेट्रोल उडी मारते व पोरी, डिझेल वढते." ते वढणं म्हणजेच जिंकणं असा मी सोयीचा अर्थ लावला होता. रागात माणूस गणित असंच करतो.

काय झालं ते मोबाईलवरच्या त्या व्हिडिओत आहे तसंच झालं, फक्त तिथं हसणारी माणसं दिसत नाहीत. कोणीतरी रुमाल खाली केला. मी पाय दाबला आणि आमच्या गाडीनं मागून काळ्या धुराचा एक ढग सोडला. बस. निदान मला तरी तेवढंच आठवतं. पुढे बघितलं तर लाल गाडी सुपारीएवढी झाली होती. माझा गिअर बदलून होईपर्यंत तो पोचला होता. मी मोहाच्या झाडाशी पोचले तेव्हा तो खाली उतरून बॉनेटवर बसला होता आणि सिगरेट निम्मी झाली होती. त्यानं मुद्दाम घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघितलं. म्हणाला, "घरी जाय. तुह्या ताईले सांग, विक्की कोनासाठी थांबत नाही." मराठीत म्हणाला, मला पुरतं कळावं म्हणून. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी खाली बघत होते, आणि खाली बघता बघता त्याच्या गाडीचं पोट मला दिसलं. रस्ता आणि पोट यांच्यात माझी वीतभरसुद्धा जागा नव्हती. सगळ्यात खाली इंजिनाच्या तेलाचं भांडं, ज्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात, ते लोंबत होतं आणि घासून घासून चकाकत होतं. ते बघून मी काही योजना केली असं नाही. पण बघून ठेवलं. मी बघितलेलं विसरत नाही.

घरी ताईला सगळं आधीच कळलेलं होतं. ती डाळीपाशी बसली होती. मी रडत होते, ती पळी फिरवत होती. मला वाटलं ती मला जवळ घेईल. तिनं पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "मले विचारलं होतं का?" मग फोडणी झाली, ताटं झाली, जेवणं झाली, आणि हात धुताना ती म्हणाली, "उद्यापासून मले गाडी शिकव."

म्हणून मी तिला शिकवलं. सकाळी रस्ते रिकामे असत तेव्हा आम्ही निघायचो, गावाबाहेर भाताच्या बांध्यांमधून. माझ्याइतकी वाईट मास्तरीण दुनियेत नसेल, मी ओरडायचे, तिचा हात झिडकारायचे. ती आपली शांतपणे गिअर पुन्हा टाकायची. आणि खरं सांगते, ती माझ्याहून छान चालवू लागली. मी गाडीला हाणत नेत असे, ती तिला बोलावून नेत असे. चढावर, सहा माणसं आत आणि डिकीत तांदळाचं पोतं, तरी तिच्या हाताखाली गाडी एकदाही कुरकुरली नाही. पुढे बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गाडी तिच्याच हातात आली. तरी गावात मात्र ती चालवायची नाही. फाटकापाशी आलं की उतरायची आणि चाक माझ्याकडे द्यायची.

वर्ष उलटलं आणि विक्कीचं लग्न ठरलं. मुलगी हट्टा गावची, कुंदा, देवीदासकाकांची. आणि देवीदासकाका म्हणजे बाबांचे डेपोतले जुने सोबती. ते बिचारे हात जोडूनच घरी आले. म्हणाले, मले माहीत हाय भाऊ कोणत्या तोंडानं आलो, पण आमच्याकडे बायामाणसं आणायले गाडी नाही. आई उठून आत निघून गेली. बाबा म्हणाले की पोरीचं लग्न हाय, त्या पोरीनं आपलं काय बिघडवलं, गाडी येईल. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, "मी आणतो गाडी, काका." आमच्याकडे बायकाही असंच म्हणतात, आणतो, जातो. मी तिच्याकडे बघतच राहिले. वर्षभरात ती कुठं चारचौघांत गेली नव्हती.

लग्न माघातलं, मुहूर्त सकाळचा. ताई हिरवं लुगडं नेसली होती आणि तिच्यापाशी एक कापडी पिशवी होती. मला वाटलं, कुंदाची ओटी भरायला नारळ-तांदूळ घेतले असतील. सकाळपासून आम्ही पाव्हणे आणत होतो, सोडत होतो, गाडी घडीभर थंड झाली नव्हती. मांडवात विक्कीकडचे लोक ताईला ओळखून एकमेकांना कोपरानं ढोसत होते. एकानं बोटं फिरवलीसुद्धा. मी बुंदीचं ताट त्याच्या डोक्यावर उलटं करणार होते, ताईनं माझं मनगट धरलं. जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. विक्कीनं हट्ट धरला होता की नवरी आपल्या लाल गाडीतूनच जाईल. गाडी झेंडूच्या माळांनी मढवली होती. तिच्या मागेच आमची गाडी उभी, ताई चाकावर, मी शेजारी.

आमच्या भागात नवरीची गाडी निघताना पुढच्या चाकाखाली नारळ ठेवतात. तो फोडून गाडी पुढं जाते, म्हणजे वाटेतलं विघ्न गेलं. नवरीचे भाऊ आधी गाडीला मागून थोडा धक्का देतात, आपल्या हातानं बहीण पाठवली म्हणून. नारळ ठेवायचा मान मामाचा. कुंदाच्या मामानं नारळ ठेवला तो कोणाच्या तरी पायाखाली फुटून गेला. दुसरा कुठं, दुसरा कुठं, म्हणून धावपळ सुरू झाली. विक्की स्टिअरिंगवर बसून हॉर्न वाजवत होता. त्याला कधीच थांबता येत नसे. तेव्हा ताई उतरली, पिशवीतून नारळ काढला आणि मामाच्या हातात दिला. नारळाला कुंकू आधीच लावलेलं होतं. मामानं तो चाकाखाली ठेवला, पण जागा उताराची, नारळ खडखडत पुढे घरंगळायला लागला. ताई तिथंच उभी होती. हळूच म्हणाली, "मामा, पुढून वीट लावा." मामा म्हणाले, हौ पोरी, बरोबर. जीप असो की ट्रॅक्टर, सगळे वीटच लावतात. त्यांनी मांडवाच्या चुलीची वीट आणून नारळाला टेकू दिला.

मी आमच्या गाडीत बसून ते बघत होते. त्या विटेची उंची मला दिसत होती, आणि त्या गाडीचं पोट किती खाली आहे ते अख्ख्या मांडवात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. मी नाही मारली. मी हात मांडीवर ठेवून बसले आणि मनात म्हटलं, दाखव रे बाबा तुझं पिकअप.

भावांनी हात लावला न लावला तोच विक्कीनं रेस दिली. हळू घेतली असती तर कदाचित निभावलं असतं. पण सासरचं गाव बघत होतं आणि त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. नारळ फुटल्याचा आवाज आला, वीट चाकाखालून उलटून पोटाखाली गेली, आणि पाठोपाठ ठण्ण असा दुसरा आवाज, भांडं आपटल्यासारखा. गाडी मांडवाच्या कमानीपर्यंत गेली आणि बंद पडली. मागे धुळीवर तेलाची काळी रेघ. कोणीतरी वाकून बघितलं आणि म्हणालं, चेंबर फुटलं. मग सगळेच म्हणू लागले, चेंबर फुटलं, चेंबर फुटलं, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. कुंदा माळा घातलेल्या गाडीत बसून रडायची थांबली आणि टकमक बघू लागली.

दिवस मावळायच्या आत गृहप्रवेश व्हायला हवा होता. वऱ्हाडाच्या बस भरून पुढे गेलेल्या. देवीदासकाका घामाघूम होऊन बाबांकडे आले. बाबांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला आणि म्हणाले, "गाडी सुमाच्या हातात हाय. तिले विचारा." सगळा मांडव ताईकडे वळला. विक्कीसुद्धा. ताईनं प्रश्न पुरता ऐकून घेतला, पदर खोचला, आणि म्हणाली, "बसू द्या."

कुंदा मागे बसली, तिची पाठराखीण बसली, आणि मग विक्की बसला, सेहऱ्यासकट, मान वाकवून. ताईनं चावी अर्धी फिरवली. आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी सांगितलंच आहे, गाडी सकाळपासून चालत होती. हीटरची तिला काडीची गरज नव्हती. हे मला ठाऊक होतं, ताईला ठाऊक होतं, बाबांना तर होतंच, त्यांनी तोंड फिरवून मिशीवरून हात फिरवला. मांडवातली माणसं भोवती उभी. वाजंत्री थांबलेली. समोरची तार कधीच लाल होऊन गेली. ताई तिच्याकडे अशी बघत होती जशी डाळीकडे बघते. मागून विक्की म्हणाला की जरा लवकर घ्या, मुहूर्त टळते. ताईनं आरशातून त्याच्याकडे बघितलं. त्या वर्षभरात ती त्याच्याशी बोललेले ते पहिलेच शब्द, आणि शेवटचेही.

"तापू द्या," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील. पण ज्यानं सकाळी बोटं फिरवली होती तो आपल्या चपला शोधू लागला. पुरतं समाधान झाल्यावर ताईनं चावी पुढं नेली. इंजिन एका हाकेत उठलं. आणि मग हट्ट्याहून बालाघाटपर्यंत तिनं ती गाडी अशी आणली की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. एकानं तर पुढं जाऊन वळून नवरदेव बघितला आणि पुन्हा मागे येऊन खात्री केली. विक्की मागे दात-ओठ खात होता, ते मला मागे न बघताही ऐकू येत होतं. एकदा त्यानं तोंड उघडलंच, तर त्याच्याआधी कुंदा पुढे वाकून ताईला म्हणाली, "ताई, हळूच घ्या जी. मले काही घाई नाही." बिचारीला माहेरापासून लांब जायचं नव्हतं, एवढाच तिचा अर्थ. पण मी खिडकीबाहेर तोंड काढून इतकी हसले की डोळ्यांत धूळ गेली.

गाव आलं, फाटक आलं. मी सवयीनं दाराला हात घातला, आता ती उतरेल म्हणून. ती उतरली नाही. छोट्या लाईनीची गाडी यायची होती, फाटक बंद, आणि आम्ही बरोबर पानठेल्यासमोर उभ्या. डिझेलचं इंजिन उभ्या उभ्या दडदडत होतं. ठेल्यावरची सगळी मंडळी बघत होती, चाकावर कोण आहे आणि मागे कोण बसलं आहे ते. विक्कीनं सेहऱ्याच्या लड्या दोन्ही हातांनी पुढे ओढून तोंड झाकलं. त्याला वाटलं असेल, ओळखू येणार नाही. ठेल्यावरचा एकजण उठून उभा राहिला आणि त्यानं ताईला नमस्कार केला, उगाच नव्हे, मनापासून. ताईनं मान हलवून तो घेतला. त्या सोमवारी ती पुस्तकं काढून कॉलेजला गेली, गाडी स्वतः चालवत, त्याच फाटकातून. पुढे पस्तीसेक वर्षं तिनं पोरांना शिकवलं, आणि हाताखालून गेलेली कितीतरी पोरं आज मोठाल्या गाड्यांमधून येऊन तिच्या पाया पडतात. पण ते नंतरचं.

त्या दिवशी नवरा-नवरीला गिरणीवाल्यांच्या दारात उतरवून आम्ही घरी आलो तेव्हा ऊन कललं होतं. मी आईला सगळं नकलांसकट सांगितलं, दोनदा. आई हसता हसता रडली. मग सांजवातीसाठी काडेपेटी घ्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथंच थांबली. तिनं हाक मारली, "सुमे, कोनाड्यातला नारळ कुठी गेला व?" मी धावत आत गेले. मिठाच्या बरणीशेजारी कोनाड्याला एक गोल डाग तेवढा राहिला होता. मला एकदम ते आधीच लावलेलं कुंकू आठवलं, काळं पडलेलं, आणि आतलं खोबरं वाळल्याचा तो खडखड आवाज. मी मागं वळले. ताई चुलीपाशी बसून लाखोळीची डाळ निवडत होती. तिनं प्रश्न पुरता ऐकून घेतला, सूप खाली ठेवलं.

"ज्याचा होता त्याले देल्ला," ती म्हणाली, आणि पुन्हा डाळ निवडू लागली.